छळछावणीतून सुटका झाली, पण पोटभर जेवणानेच माणसं दगावू लागली. गोष्ट ब्रिगेडियर ग्लिन ह्यूजेसची

१५ एप्रिल १९४५. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छळछावणीत शिरलं. आत जवळपास ६० हजार कैदी जिवंत होते आणि हजारो प्रेतं उघड्यावर पडली होती. ॲन फ्रँक याच छावणीत, सुटकेच्या काही आठवडे आधी गेली होती.

इथल्या वैद्यकीय मदतीची जबाबदारी आली ब्रिगेडियर ह्यू ग्लिन ह्यूजेस यांच्यावर. १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ह्यूजेस पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले डॉक्टर. पण दोन महायुद्धं पाहिलेल्या या माणसासाठीही बेल्सन वेगळंच होतं.

सैनिकांनी दयेपोटी आपल्याजवळचं डबाबंद अन्न कैद्यांना वाटलं आणि घात झाला. अंदाजे दोन हजार माणसं त्या जेवणानेच गेली. कारण काय, तर महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या शरीरात क्षारांचा साठा संपलेला असतो. अचानक भरपेट खाल्लं की रक्तातले उरलेसुरले क्षारही झपाट्याने कमी होतात आणि हृदय बंद पडू शकतं. आज याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

मग कामी आला भारतातला अनुभव. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुकेल्यांना दूध पावडर, पीठ, साखर आणि मीठ यांचं पातळ मिश्रण दिलं जायचं. तेच बेल्सनमध्ये आणलं. पण ते इतकं गोड होतं की अनेकांच्या घशाखाली उतरेना. इंजेक्शनचा पर्याय होता, पण सुई पाहून कैदी किंचाळायचे. छावण्यांमध्ये सुई म्हणजे मरण, हेच त्यांनी पाहिलं होतं.

त्यात उवांमुळे पसरणारा टायफस. ह्यूजेस यांनी शेजारच्या जर्मन लष्करी बराकीतच मोठं हॉस्पिटल उभं करायला घेतलं. रुग्णांना आंघोळ घालून, डीडीटी मारून तिकडे हलवलं जायचं. डॉक्टर आणि खाटा कमी, रुग्ण हजारो. त्यामुळे जगण्याची आशा असलेल्यांना आधी उचलायचं, हा कठोर निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागला. लंडनहून वैद्यकीय विद्यार्थीही मदतीला आले. २१ मे रोजी शेवटची झोपडी जाळून टाकली.

सुटकेनंतरही सुमारे १३ हजार माणसं गेली. पण हजारो वाचली. सप्टेंबरमध्ये ल्युनेबर्गच्या खटल्यात ह्यूजेस यांनी छावणीच्या अधिकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. बेल्सनच्या त्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव मिळालं. १९७३ साली त्यांचं निधन झालं.

कुलूप तोडायला एक दिवस पुरला. माणसं जगवायला मात्र पेजेइतक्या पातळ घासापासून सुरुवात करावी लागली.