रणी पडलेल्यांची स्मृती आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे चरित्र आमच्या सभासद-कुटुंबांस नवे नाही. आपल्या बहुतेक घरांत त्यांची तसबीर आहे. हाती शिवलिंग, मस्तकी पांढरा पदर आणि मुद्रेवर शांत भाव, अशी ती मूर्ती लहान मुलासही ओळखता येते. त्या शिवलिंगाविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि घाट, मंदिरे, अन्नछत्रे यांच्या याद्या सभासंमेलनांतून वाचून दाखवतो. त्या पांढऱ्या पदराविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो पदर कोणत्या दिवशी पांढरा झाला, आणि त्यानंतरच्या एक्केचाळीस वर्षांत या स्त्रीने आपल्या गेलेल्या माणसांची आठवण कशी जागती ठेवली, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या ज्या कुटुंबांतील कर्ता मुलगा सैन्यात गेला आणि परत आला नाही, त्यांस हे चरित्र या बाजूने पाहिल्यास अधिक जवळचे वाटेल, असे आम्हांस वाटते.

देवींचा जन्म 1725 साली चौंडी या गावी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. हे गाव सीना नदीच्या काठी आहे, आणि ज्या जिल्ह्यात ते मोडते त्या जिल्ह्यास 2024 साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. 1733 साली सुभेदार मल्हारराव होळकर यांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुभेदारांनी ही मुलगी कशी पाहिली व कशी पसंत केली, ती कथा सर्वांस पाठ आहे, तेव्हा तिचा विस्तार येथे करीत नाही. 1745 साली मालेराव व 1748 साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांस झाली.

खंडेरावांविषयी मात्र चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पत्नीची थोरवी खुलून दिसावी म्हणून पतीस काळ्या रंगात रंगविण्याची खोड आपल्याकडील चरित्रकारांस आणि नाटककारांस फार दिवसांपासून लागली आहे. खंडेराव व्यसनी होते, कामात त्यांचे लक्ष नव्हते, एवढेच सांगून त्यांची बोळवण केली जाते. त्यांच्या स्वभावात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु 1753 च्या अखेरीस फौज घेऊन दिल्लीच्या राजकारणात उतरलेला आणि पुढच्याच वर्षी मोर्चावर असताना तोफेच्या गोळ्याने ठार झालेला पुरुष केवळ ऐषारामी होता, असे म्हणणे न्यायाचे नाही. रणात पडलेल्या मनुष्याची आठवण त्याच्या गुणदोषांसह ठेवता येते. देवींनी ती तशी ठेवली असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहून आम्हांस वाटते.

1754 च्या आरंभी रघुनाथराव व मल्हारराव यांच्या फौजांनी भरतपूरचे जाट राजे सूरजमल यांच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला. खंडणीच्या रकमेवरून बोलणी फिसकटली होती. वेढा लांबत चालला आणि किल्ल्यावरून तोफांचा मारा चालू राहिला. मार्च महिन्यात एके दिवशी खंडेराव उघड्या पालखीत बसून मोर्चांची पाहणी करीत असता किल्ल्यावरील तोफेचा गोळा येऊन त्यांस लागला आणि ते जागीच गतप्राण झाले. वय तिशीच्या आसपास. अहिल्याबाई त्या वेळी एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या आणि मल्हाररावांनी त्यांस परावृत्त केले, हे सर्व परंपरा एकमुखाने सांगतात. एकुलता पुत्र गेलेला तो वृद्ध सरदार सुनेपुढे पदर पसरतो आणि आता तूच माझा खंडू अशा अर्थाची विनवणी करतो, हा प्रसंग कीर्तनकारांनी पुष्कळ रंगविला आहे. रंग बाजूस ठेवला तरी मूळ गोष्ट उरतेच. त्या काळी वीरपत्नीने पतीची स्मृती राखण्याचा एकच मार्ग लोकमान्य होता आणि तो चितेवर संपत होता. देवींनी तो मार्ग सोडला. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी जड होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

मल्हाररावांचा शोक निराळ्या जातीचा होता. कुंभेरीचा किल्ला खणून त्याची माती यमुनेत टाकीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केल्याचे प्रसिद्ध आहे. ती पुरी झाली नाही. जयाप्पा शिंदे यांच्या मध्यस्थीने तह झाला व वेढा उठला. सुभेदारांच्या मनात शिंद्यांविषयी त्यामुळे जी अढी बसली, ती त्यांच्या हयातीत निघाली नाही. तह झाल्यावर सूरजमल यांनी ज्या जागी खंडेरावांचे दहन झाले, त्या कुंभेरीजवळच्या गांगरसोली गावी त्यांची छत्री बांधविली. ज्याच्या तोफेने माणूस गेला त्यानेच त्याचे स्मारक उभारावे, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. राजस्थानात यात्रेस जाणारी आपली मंडळी मथुरा-भरतपूरच्या वाटेने जातात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून तेथे जावे, असे आम्ही सुचवितो.

यापुढील बारा वर्षे देवींच्या शिक्षणाची. सुभेदारांनी सुनेस केवळ हिशेब व न्यायनिवाडा शिकविला नाही, तर फौजेची कामेही तिच्यावर सोपविली. 1765 सालच्या एका पत्रात ते तिला चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जाण्याची आज्ञा देतात. मोठा तोफखाना जवळ ठेवून दारूगोळ्याची तजवीज करावी आणि वाटेवर चौक्या बसवाव्यात, असेही कळवितात. ज्या स्त्रीचा पती तोफेच्या गोळ्याने गेला, तिच्याच हाती अकरा वर्षांनी तोफखान्याची व्यवस्था आली. तिच्या मनात त्या वेळी काय आले असेल, ते ज्याचे त्याने जाणावे.

मध्यंतरी 1761 साली पानिपत झाले. मल्हारराव त्या रणातून जिवंत परतले, परंतु महाराष्ट्रातील किती घरांत त्या वर्षी चूल पेटली नाही याची गणना नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे मरण शेवटपर्यंत मानले नाही. सौभाग्यलेणी अंगावर ठेवूनच त्या 1763 साली निवर्तल्या. ज्यांच्या माणसांचे प्रेतही घरच्यांच्या दृष्टीस पडले नाही, त्यांच्या दुःखास तीर सापडत नाही. अशा दुःखाने भरलेल्या पिढीतच देवींचे वैधव्य गेले, ही गोष्ट त्यांच्या धर्मकार्याचा विचार करताना विसरता येत नाही.

1766 च्या मे महिन्यात उत्तरेतील मोहिमेवर असतानाच मल्हाररावांचा अंत झाला. ठिकाण आलमपूर, आजच्या मध्यप्रदेशातील भिंड जिल्ह्यात. घोड्याच्या पाठीवर आयुष्य घालविलेल्या पुरुषाचा देह मुलुखापासून दूर, छावणीत पडला. देवींनी तेथे त्यांची छत्री बांधविली, आणि नुसती बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चा, दिवाबत्ती व राखणदार यांच्या खर्चासाठी भोवतालचा मुलूख लावून दिला. इंदूरपासून शेकडो मैल दूर, चहूकडून परक्या संस्थानांनी वेढलेला हा आलमपूरचा लहानसा परगणा संस्थाने विलीन होईपर्यंत होळकरांकडे राहिला. नकाशावर तो तुकडा पाहून अनेकांस कोडे पडत असे. त्याचे उत्तर एका सुनेने सासऱ्याच्या समाधीपुढे लावलेल्या दिव्यात आहे. स्मारक बांधणे सोपे, त्यापुढचा दिवा दोनशे वर्षे तेवत ठेवण्याची तजवीज करणे कठीण. आपल्या गावोगावी अनावरण समारंभानंतर ज्यांकडे कोणी फिरकत नाही असे पुतळे व फलक पाहिले म्हणजे हा फरक चांगला कळतो.

सुभेदारांमागून गादीवर आलेले मालेराव अवघ्या काही महिन्यांत, 1767 साली, आजाराने वारले. पती, सासरा आणि पुत्र असे तिघे तेरा वर्षांत गेले. नेमक्या याच वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला, आणि त्यांच्या सांगण्यावरून रघुनाथराव फौज घेऊन माळव्यात उतरले. देवींनी दत्तक नाकारला, स्त्रियांची एक तुकडी शस्त्रसज्ज केली, आणि दादासाहेबांस निरोप धाडला. आपण हरलो तर स्त्री म्हणून कोणी हसणार नाही, तुम्ही हरलात तर तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढची गोष्ट परंपरेने चालत आली आहे. क्षिप्रेच्या काठी आलेल्या दादासाहेबांनी सूर बदलला आणि आपण मालेरावांच्या निधनाचे मातमपुर्सीस आलो आहोत, असे कळविले. त्यावर देवींनी उत्तर दिले की, दुखवट्यास येणाऱ्यास एवढी फौज कशास हवी, पालखीतून यावे, घर आपलेच आहे. दादासाहेब मोजक्या माणसांनिशी आले, पाहुणचार घेऊन राहिले व परतले.

या कथेतील चातुर्याचे कौतुक सर्वच करतात. आम्हांस तिच्यात दुसरेही काही दिसते. दुखवटा ही आपल्या लोकांत पवित्र गोष्ट आहे. शत्रूच्या दारीही मनुष्य त्यासाठी शस्त्र ठेवून जातो. पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या मातेच्या दारी त्याच दुखवट्याचे सोंग घेऊन कोणी आला, तेव्हा तिने त्यास हाकलले नाही. खरा दुखवटा कसा असतो तेवढे दाखवून दिले.

थोरले माधवराव पेशवे यांनी देवींचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे गेले, राज्याचा कारभार देवींकडे राहिला आणि राजधानी महेश्वरास नेली गेली. तेथील कारभाराचे वर्णन अन्यत्र पुष्कळ झाले आहे. एकच बाब येथे सांगतो. निपुत्रिक मरणाऱ्याची संपत्ती सरकारजमा करण्याची चाल तेव्हा सर्वत्र होती. सर जॉन माल्कम यांनी 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात नमूद केले आहे की, देवी अशा धनास हात लावीत नसत आणि विधवांस ते त्यांच्या इच्छेने वापरू देत. ज्या घरचा पुरुष गेला त्या घरात उरलेल्या स्त्रीने जगायचे कसे, हा प्रश्न त्यांस कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आता गयेविषयी. काशीचे विश्वनाथ मंदिर देवींनी 1780 च्या सुमारास बांधविले, सोमनाथास नवे मंदिर दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आम्ही फल्गू नदीच्या तीरावरील विष्णुपद मंदिर अधिक महत्त्वाचे मानतो. ते 1787 साली देवींनी नव्याने बांधविले. ते सारे काळसर दगडाचे असून अष्टकोनी गाभाऱ्यात खडकावर उमटलेले विष्णूचे पाऊल आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून लोक पितरांचे पिंड देण्यास तेथे जातात. ज्यांचे दहन कोठे झाले हे ठाऊक नाही, ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांच्या वंशात कोणी उरले नाही, त्यांच्याही नावे तेथे पिंड देता येतो. आपल्या अनेक घरांत भाद्रपद वद्य चतुर्दशीस घात चतुर्दशी म्हणतात, आणि शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी करतात. खंडेरावांचे नाव याच पितरांत येते. पानिपतावर ज्यांच्या चिता पेटल्या नाहीत त्यांचेही. आपल्या पतीची छत्री एका गावी, सासऱ्याची दुसऱ्या गावी आणि ज्यांची छत्री कोठेच होणार नव्हती त्यांच्यासाठी गया, असा हा क्रम आम्हांस दिसतो. देवींनी तो मनाशी योजून केला की नाही हा वाद विद्वानांनी करावा.

उत्तरायुष्यात दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. नातू नथ्याबा तरुणपणी गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. स्वतः ज्या वाटेवरून परत फिरल्या त्या वाटेवरून लेकीस परत आणण्यासाठी मातेने परोपरीने विनविले, पण मुलीने ऐकले नाही. माल्कम यांनी लिहिले आहे की, तीन दिवस देवींनी अन्न घेतले नाही व शब्दही उच्चारला नाही. नंतर त्या उठल्या आणि गेलेल्यांचे एक सुंदर स्मारक बांधविण्याच्या कामी लागल्या. सासऱ्याने विनवले तेव्हा त्यांनी ऐकले होते, त्यांचे मात्र कोणी ऐकले नाही.

1793 साली लाखेरीस शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. डी बॉयनने शिंद्यांसाठी तयार केलेल्या कवायती पलटणींपुढे होळकरांचा मोड झाला. गेलेल्यांची स्मृती आयुष्यभर जपणाऱ्या या स्त्रीस आपलीच माणसे आपल्याच माणसांकडून पडलेली पाहावी लागली. कुंभेरीच्या तहाच्या वेळी दोन घराण्यांत जी अढी पडली होती ती एकोणचाळीस वर्षांनी या टोकास पोचली.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे देवींचे देहावसान झाले. नर्मदेच्या घाटावर वाड्याखाली त्यांचे जे स्मारकमंदिर आहे त्यास अहिल्येश्वर म्हणतात. ते यशवंतराव होळकर यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी पुरे केले. यशवंतराव 1811 साली वारले. त्यांच्यामागे अल्पवयीन पुत्रास घेऊन उरलेल्या या दुसऱ्या विधवेने महेश्वरच्या पहिल्या विधवेसाठी हे मंदिर बांधविले. त्याच घाटाच्या आवारात यशवंतरावांचे बंधू विठोजीराव यांचीही छत्री आहे. 1801 साली पुण्यात हत्तीच्या पायी देऊन त्यांस ठार करण्यात आले होते. दोन्ही वास्तू समोरासमोर आहेत, आणि घाटावर उतरणाऱ्या यात्रेकरूस दोहोंमधूनच नर्मदेकडे जावे लागते.