गिरणी कामगाराला रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत मुंबई गिरण्यांचं शहर झाली. कामगार मात्र दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचा, आठवड्याची सुट्टीही नाही.

1848 मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे हे हाल त्यांनी रोज पाहिले. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी 1880 पासून 'दीनबंधू' चालवू लागले. 1884 मध्ये त्यांनी कामगारांची संघटना बांधली. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. 1890 मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी भाषणंही केली. अखेर 10 जूनला मालकांनी रविवार मान्य केला. (सरकारी कचेऱ्यांना तो आधीपासूनच होता, बरं का!)

1896 मध्ये प्लेग आला आणि कामगार गावाकडे पळाले. लोखंडे रुग्णांसाठी मागे थांबले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले.

गिरण्या तेव्हा सावरल्या. 1982 च्या संपानंतर मात्र एकेक बंद पडत गेली, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. लोअर परळला 'फिनिक्स'ची चिमणी आजही उभी आहे, मॉलच्या आवारात.