मिरची नंबर ३०

ढोबळी मिरची म्हटली की आपल्याला मेसची पाणीदार भाजीच आठवते. पण एका माणसाने याच मिरचीचे एकामागून एक फोटो काढले!

एडवर्ड वेस्टनचा जन्म १८८६ चा, अमेरिकेतल्या इलिनॉयचा. सोळाव्या वर्षी वडिलांनी कॅमेरा दिला आणि १९११ मध्ये पठ्ठ्याने कॅलिफोर्नियात स्टुडिओ टाकला. तेव्हा फोटो मुद्दाम धूसर, पेंटिंगसारखे काढायची फॅशन होती. वेस्टनही तसेच काढायचा, बक्षिसं मिळवायचा. सगळं सेट होतं. पण १९२२ मध्ये ओहायोतल्या पोलाद कारखान्याची धुराडी त्याने पाहिली, त्यांचे स्वच्छ, रेखीव फोटो काढले आणि हळूहळू धूसरपणा कायमचा सोडला. चाललेलं दुकान सोडायला हिंमत लागते. पुढे पैशांची चणचण कायम राहिली, पोटासाठी लोकांचे पोर्ट्रेट काढावे लागले.

१९३० च्या ऑगस्टमध्ये त्याने एक वेडीवाकडी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या प्रत्येक वळणावर पडला. एक्स्पोजर दिलं सहा मिनिटांचं! फोटोत ती मिरची वाटतच नाही, पैलवानाची पीळदार पाठ वाटते. काम झालं की या मिरच्या तो खाऊनही टाकायचा.

१९३७ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळवणारा तो पहिला फोटोग्राफर ठरला. पुढे पार्किन्सन्सने हात थरथरू लागले, १९४८ नंतर कॅमेरा सुटला. १ जानेवारी १९५८ ला तो गेला.

मित्रांनो, तिसाव्या मिरचीआधी त्याने बऱ्याच मिरच्या टिपल्या होत्या. आपण मात्र पहिलं रीडिंग चुकलं की शेजाऱ्याचं जर्नल उतरवतो!