जॉन कूपर
जॉन न्यूटन कूपर (१७ जुलै, १९२३ – २४ डिसेंबर, २०००) हे ब्रिटिश मोटार-अभियंते आणि कूपर कार कंपनीचे सहसंस्थापक होते. चालकाच्या मागे इंजिन असलेल्या त्यांच्या मोटारींनी फॉर्म्युला वन शर्यतींचे स्वरूप बदलले. सर्वसामान्यांना मात्र त्यांचे नाव मिनी कूपर या छोट्या मोटारीमुळे परिचित आहे.

प्रारंभिक जीवन
कूपर यांचा जन्म इंग्लंडमधील सर्बिटन येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स यांचे तेथे गॅरेज होते. जॉन यांनी वयाच्या १५व्या वर्षी शाळा सोडून हत्यारे घडवण्याच्या कामात उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात, १९४६ साली, पितापुत्रांनी ५०० सीसी गटासाठी शर्यतीची मोटार बांधली. फियाट टोपोलिनो या लहान मोटारींचे दोन पुढचे भाग एकमेकांना जोडून तिचा सांगाडा तयार केला आणि मोटारसायकलचे जे.ए.पी. इंजिन मागे बसवले. साखळीने मागची चाके फिरवण्यास ती जागा सोयीची होती. त्यामागे कोणताही मोठा सिद्धान्त नव्हता. तरीही याच रचनेच्या मोटारीतून जॅक ब्रॅबहॅम यांनी १९५९ व १९६० साली विश्वविजेतेपद पटकावले.

मिनी कूपर
ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ साली बाजारात आणलेल्या मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे व ३४ अश्वशक्तीचे होते. छोटी चाके आणि पुढच्या चाकांना मिळणारी शक्ती यांमुळे ती वळणांवर विलक्षण स्थिर राहते, हे कूपर यांनी ओळखले. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस हे कूपर यांचे मित्र होते, परंतु त्यांच्या दृष्टीने मिनी ही सामान्य कुटुंबाची मोटार होती व तिला वेगवान करण्याची कल्पना त्यांना रुचली नाही. कूपर यांनी थेट कंपनीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांची भेट घेऊन संमती मिळवली. प्रत्येक मोटारीमागे २ पौंड मानधन ठरले.

१९६१ साली आलेल्या मिनी कूपरमध्ये ९९७ सीसीचे, ५५ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्यासाठी सिलिंडरचा व्यास किंचित घटवून दट्ट्याची धाव बरीच वाढवली होती आणि दोन कार्ब्युरेटर जोडले होते. वाढलेला वेग आवरणे मूळच्या ड्रम ब्रेकना झेपणारे नव्हते. म्हणून पुढच्या चाकांना ७ इंची डिस्क ब्रेक दिले गेले. हा बदल इंजिनाइतकाच महत्त्वाचा होता. १९६३ साली १०७१ सीसीची कूपर एस आली. कूपर एस मोटारींनी १९६४, १९६५ व १९६७ सालची माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ साली पहिले तीन क्रमांक मिळूनही हेडलाइटच्या नियमावरून त्या बाद ठरल्या.

उत्तरायुष्य
१९६३ साली, पुढे एक व मागे एक अशी दोन इंजिने बसवलेली प्रायोगिक मिनी किंग्स्टन बाह्यवळण रस्त्यावर चालवताना झालेल्या अपघातात कूपर गंभीर जखमी झाले. पुढच्या वर्षी वडिलांचे निधन झाले आणि १९६५ साली शर्यतीचा संघ विकला गेला. त्यानंतर त्यांनी ससेक्समधील फेरिंग येथे गॅरेज चालवले. ब्रिटिश लेलँडने १९७१ साली मिनी कूपरचे उत्पादन थांबवले. रोव्हरने १९९० साली ते पुन्हा सुरू केले, तेव्हा कूपर हयात होते.