दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढणाऱ्या जोतिबांनी इंग्रज सरकारकडे शेतसाऱ्याचा हिशोब मागितला होता

जोतिबा फुले म्हटलं की भिडे वाडा आणि १८४८ सालची मुलींची शाळा आठवते. पण त्यानंतर सात वर्षांनी, १८५५ साली, जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी आणखी एक शाळा सुरू केली. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ही शाळा होती मोठ्या माणसांची. शेतकरी आणि मजूर दिवसभर राबायचे आणि रात्री इथे अक्षरं गिरवायचे.

शिक्षण मध्येच सुटणं म्हणजे काय, हे जोतिबांनी स्वतः भोगलं होतं. वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावलं होतं. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी वडिलांना समजावलं, म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तेव्हा त्यांचं वय होतं चौदा. सावित्रीबाई तर शिकल्याच लग्नानंतर.

त्याच १८५५ साली जोतिबांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. धर्माच्या नावाखाली लुबाडलं जाणारं एक शेतकरी जोडपं त्यात आहे. शेवटी नवरा-बायको दोघंही ठरवतात की आता शिकायचं, आणि फुल्यांच्याच शाळेत जायचं! म्हणजे नाटक एका अर्थाने रात्रशाळेची जाहिरातच होती म्हणा ना. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. ही कमिटी सरकारी पैशातून मराठी पुस्तकांना बक्षिसं द्यायची. कमिटीने नाटक नाकारलं.

पैशाचा प्रश्न असा सुरुवातीपासूनच होता. फुल्यांच्या शाळांना थोडी सरकारी मदत होती, पण बराच भार देणग्यांवर होता. १८५७ चा उठाव झाला आणि युरोपियन लोकांकडून येणाऱ्या देणग्या आटल्या. १८५८ पर्यंत जोतिबा शाळांच्या कारभारातून बाजूला झाले होते.

पुढे ते कंत्राटदार झाले. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, मांजरीला शेती केली, पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. बांधकामावरचा मजूर आणि सारा भरणारा शेतकरी, दोघंही त्यांनी जवळून पाहिले. सरकारच्या तिजोरीत पैसा कुठून येतो आणि जातो कुठे, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

मग आलं १८८२ साल. देशातल्या शिक्षणाची पाहणी करायला सरकारने हंटर कमिशन नेमलं होतं. जोतिबांनी १९ ऑक्टोबरला त्यापुढे लेखी निवेदन दिलं. खाली सही करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली.

त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारचं बरंचसं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा सरकारचा समज होता. जोतिबांनी दाखवून दिलं की इतक्या वर्षांत खाली काहीही झिरपलेलं नाही. रयतेचा पैसा रयतेच्या शिक्षणावर आला पाहिजे. निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती.

नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. शिकवायचं काय, हेही त्यांनी सांगितलं. लिहिणं-वाचणं, मोडी आणि बालबोध, हिशोब, इतिहास-भूगोल, शिवाय शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य. शेती शिकवायला छोटी नमुना शेतं हवीत. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, ज्याला नांगर किंवा सुताराचं हत्यार हातात धरायची लाज वाटत नाही. आणि त्याला पगारही नीट द्या. शाळा-कॉलेजं पोरांना जे शिकवतात त्यातून कारकून आणि मास्तर तयार होतात, सरकारी नोकरीशिवाय पोट भरायची ताकद येत नाही, ही त्यांची तक्रार आजही ओळखीची वाटेल.

पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' आला. शेतकऱ्याच्या पोरांना लोहारकाम, सुतारकाम शिकवा, शेतीच्या प्रदर्शनात बक्षिसं द्या, अशा सूचना त्यात आहेत. हातातल्या कामाला सरकारने शिक्षणाचा दर्जा द्यावा, हेच त्यामागे होतं.

१८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागदागिन्यांनी नटलेल्या पाहुण्यांमध्ये जोतिबा शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरा देश खेड्यात आहे आणि त्याला शिक्षणाची गरज आहे, हे राणीला कळवा, असं त्यांनी ड्यूकला सांगितलं.

हंटर कमिशनने प्राथमिक शिक्षणावर भर द्यायला सांगितलं खरं, पण त्याचा भार नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर टाकला. सक्तीची मागणी बाजूलाच राहिली. जोतिबा १८९० साली गेले. मुंबई इलाख्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला १९१८ साली. तोही नगरपालिकांपुरता, आणि सक्ती करायची की नाही हे त्यांच्याच मर्जीवर सोडलेलं.