सिडनी रिंगर : नळाच्या पाण्याने उलगडलेले रहस्य

रुग्णालयात खाटेशेजारी टांगलेल्या सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ ही अक्षरे अनेकांनी वाचली असतील. हे एखाद्या औषध कंपनीचे नाव नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज डॉक्टरचे आडनाव आहे. उच्च रक्तदाबाचे असंख्य रुग्ण आज रोज अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घेतात. त्या गोळीमागच्या विज्ञानाचा उगमही याच डॉक्टरच्या प्रयोगांत आहे.

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्विचचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. धाकटे बंधू फ्रेडरिक यांनी पुढे जपानमधील नागासाकी येथे व्यापारात नाव मिळवले. सिडनी वैद्यकाकडे वळले. १८५४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. १८६३ मध्ये ते एम.डी. झाले आणि सारी कारकीर्द त्यांनी त्याच संस्थेच्या रुग्णालयात घालवली. औषधोपचारांवरील त्यांच्या १८६९ च्या ग्रंथाच्या तब्बल तेरा आवृत्त्या निघाल्या. रुग्णसेवेतून सवड काढून ते शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत जात आणि तिथे काम करीत.

१८८२ मध्ये त्यांनी बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणावर चालवून पाहिले. ते उत्तम चालले. पुढे मात्र एक गोष्ट उघडकीस आली. द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? रिंगर यांनी त्यातील एकेक क्षार तपासला आणि उत्तर मिळाले : कॅल्शियम. त्याची अल्प मात्रा मिळताच हृदय पुन्हा आकुंचन पावू लागले. आपला आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, हे त्यांनी १८८३ मध्ये शोधनिबंधातच नमूद केले. त्या प्रांजळपणातूनच स्नायूंच्या आकुंचनातील कॅल्शियमचे स्थान जगाला कळले. १८८५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

खासगी आयुष्यात त्यांनी मोठा आघात सोसला. मुलगी अ‍ॅनी लहान वयातच गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम गावच्या प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार करविला. ते काम १८७९ मध्ये पूर्ण झाले. निवृत्तीनंतर ते त्याच गावी राहिले आणि १९१० मध्ये तेथेच निवर्तले. त्या काळी रक्तदाब मोजण्याची पद्धत नुकती रुळू लागली होती. तो उतरविणारे खात्रीचे औषध नव्हते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी १९३० च्या दशकात रिंगर यांच्या द्रावणात लॅक्टेट मिसळले आणि आजची सलाईन तयार झाली. पुढे १९६० च्या दशकात जर्मनीतील अल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांना काही औषधांचा विलक्षण परिणाम आढळला. व्हेरापामिल दिलेले हृदय कॅल्शियम काढून घेतल्यासारखे वागत होते. कॅल्शियम पेशीत शिरण्याचे मार्ग ही औषधे रोखत होती. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंनाही आवळण्यासाठी कॅल्शियम लागते. ते कमी मिळाले की वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. याचा दुधातील वा हाडांतील कॅल्शियमशी संबंध नाही. या गोळीसाठी दूध सोडण्याचे कारण नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. अ‍ॅम्लोडिपिन गाळणीत रक्त आणणारी वाहिनी अधिक रुंदावते, बाहेर नेणारी तुलनेने कमी. त्यामुळे हातावर मोजलेला रक्तदाब उतरला तरी गाळणीतील दाब तितका उतरेलच असे नाही. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णांत हे महत्त्वाचे ठरते. मूत्रपिंडविकार असलेल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांवरील अभ्यासात, २००१ च्या निष्कर्षांनुसार, रॅमिप्रिलने अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा मूत्रपिंडाचे अधिक रक्षण केले. रॅमिप्रिलच्या वर्गातील औषधे बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. पुढे २००८ मध्ये दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दाखविले की याच वर्गातील बेनाझेप्रिलच्या जोडीला अ‍ॅम्लोडिपिन दिल्यास, लघवी वाढविणाऱ्या औषधाच्या जोडीपेक्षा हृदयविकाराचे धोके अधिक घटतात. त्याच अभ्यासात मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावलेला दिसला.

म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन मूत्रपिंडाचे शत्रू नाही. पण लघवीत प्रथिने जात असतील तर बहुधा त्याला सोबतीची गरज असते. या गोळीने पायांवर सूज येऊ शकते. ती दिसताच मूत्रपिंड बिघडले असे मानून रुग्ण परस्पर गोळी बंद करतात आणि रक्तदाब पुन्हा चढतो. चढलेला रक्तदाब हाच मूत्रपिंडाचा मोठा वैरी. सूज कशामुळे आली, हे लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. रिंगर यांनीही अंदाजावर विसंबून न राहता पाणी तपासले होते.