कर्नल सी. के. नायडू

चाळिशी उलटलेल्या आम्हां शिक्षकांनीं अंबरनाथच्या मैदानावर मुलांसाठीं दोन षटकें टाकलीं, तर दुसऱ्या दिवशीं शाळेचा जिना चढवत नाहीं. म्हणून कर्नल नायडू ह्यांच्या चरित्राचें आम्हांस विशेष अगत्य वाटतें.

त्यांचा जन्म ता. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरास झाला. शिक्षण तेथील हिस्लॉप ह्या मिशनच्या शाळेंत. पुढें होळकर दरबारच्या चाकरीमुळें इंदूर हीच त्यांची कर्मभूमि झाली. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटींत ते कर्णधार होते. क्षेत्ररक्षण करितांना हात दुखावला असतांही पहिल्या डावांत संघांतील सर्वाधिक, म्हणजे ४० धावा त्यांनींच केल्या. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यांत, पन्नाशी गांठल्यावर, त्यांनीं बडोद्याविरुद्ध २०० धावा काढिल्या. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यांत मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दांत पडले. वय ५६, तरी ते खेळपट्टी सोडून गेले नाहींत. हें धैर्य थोर खरें, पण आमच्या मुलांनीं अशा वेळीं आधीं दवाखाना गांठावा! १९५६-५७ सालीं, एकसष्ट वर्षांचे असतां, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरास त्यांचें देहावसान झालें.